चौकातला फ्लेक्स उतरवला

संघपालदादा, जयभीम.

भाचीची परीक्षा व्हायच्या आधीच तू चौकात ‘भावी डॉक्टर बुद्धप्रिया’चा फ्लेक्स लावलास. पोरगी लातूरच्या क्लासहून आली ती, “आई, मला जगायचंच न्हाई,” म्हणत. तू म्हणालास, “बोभाटा करू नको, समाजाची मान खाली जाईल.” समाजाची मान दणकट हाय रे, पोरीची नाजूक.

मी तिला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उपचार चालू आहेत. काल तिनं भाकर मागून खाल्ली. फ्लेक्स मीच उतरवला.

हे पत्र तू गुपचूप खिशात घालशील, म्हणून पाठवतच नाही. उद्या विहारात वंदनेनंतर सगळ्यांसमोर बोलणार आहे. अशी पोरं आणखी घरांत आहेत. तू विहाराचा अध्यक्ष आहेस, भाषण नको, सतरंज्या अंथर.

तुझी तोंडाळ बहीण,
महानंदा