किल्ल्याच्या दारात तीन रविवार

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी दुपारभर आम्ही कोठडीत करतो काय, असं तू विचारलंस. ऐक, आणि हसायचं तर पोटभर हस. आम्ही सोंगं घेतो. कपडे बदलून नव्हे, नुसत्या बोलण्यातून. मी सूत्रधार. मी सांगतो की समोर नदी आहे, पूल मोडलाय. मग प्रत्येकाने आपल्या सोंगाला शोभेल असं काहीतरी करायचं. जमलं की फसलं, ते मगातल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या ठरवतात, कारण फासे दिसले की पहारेकऱ्यांना जुगाराचा वास येतो.

आमचा आचारी राजा होतो आणि गावोगावी आधी मुदपाकखाना बघायला मागतो. घरफोड्या काका न्यायाधीश. मी त्यांना चोर व्हा म्हटलं तर रागावले; तेच करायचं तर बाहेर काय वाईट होतं, म्हणाले. आणि वेल्डर, जो एरवी मान हलवून भागवतो, तो झाडपाल्याचं औषध देणारी म्हातारी होऊन इतकं घडाघडा बोलतो की काका तिला आपली खरी गुडघेदुखी सांगतात.

सध्या खेळातल्या किल्ल्याच्या शेवटच्या दारात अडलोय. तीन रविवार झाले. दार उघडंच आहे, पण राजाला दोर विकत घ्यायचा असतो, न्यायाधीशांना दरवानाच्या बायकोची विचारपूस करायची असते. आत गेलं की गोष्ट संपणार, आणि माझी सुटका जवळ आल्याचं त्यांच्या कानावर गेलंय. माणसं इतका जीव लावतात, हे मला इथे येऊन कळलं.

भावोजींना नमस्कार. रागावण्यापुरता तरी लोभ राहू दे.
तुझा बारक्या

१२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचलं आणि हसताना हातातली चष्म्याची काच निसटली. मालकांनी कारण विचारलं, म्हणून त्यांनाही वाचून दाखवलं. काकांची न्यायाधीशी ऐकून ते डोळे पुसत होते. मला भुताच्या गोष्टी सांगून स्वतःच पांघरुणात शिरणारा तू, असल्या माणसांना दुपारभर गुंगवून ठेवतोस, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता दुसरं. वकीलबाई भेटल्या. लवकर सुटकेचा कागद कधीच तुझ्या हातात आलाय, नुसती सही करायचीय, आणि तू करत नाहीस, असं म्हणाल्या. महिनाअखेरीस मुदत संपली की आणखी दोन वर्षं. दारात खोळंबलंय कोण, ती मंडळी की तू, एवढं कळव. गोदामाच्या चोरीची शिक्षा भोगलीस. वर आणखी वाढून घ्यायची हौस कसली? इथे भावोजींनी तुझ्या खाटेचा पाय दुरुस्त करून ठेवलाय.

राग आहे, माया त्याहून जास्त आहे. उत्तर धाड.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

बरोबर पकडलंस. कागद उशीच्या अभ्र्यात आहे.

काल मी सूत्रधाराची जागा वेल्डरला दिली. तो अडखळला, मग सावरला, आणि त्याने मला साधंच सोंग दिलं: घरी निघालेला माणूस. म्हणाला, तू तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहेस, समोर काय दिसतं ते तूच सांग. ताई, मी यांना गावंच्या गावं उभी करून दिली, आणि स्वतःच्या गल्लीपाशी माझी दातखीळ बसली. नुसते लोकांचे चेहरे दिसत होते. कुणी हसलं नाही. आचाऱ्याने आपला चहा माझ्यापुढे सरकवला. मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

गल्ली आता कशी आहे ते लिही. गोड करून नको.
बारक्या

२२ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

गोड करत नाही. तोंडाशी सायकल दुरुस्तीवाला आहे; तो ओळखेल आणि ओळख दाखवणार नाही. पुढे शिंपीणबाई. चोरीनंतर तिच्या नवऱ्याची गोदामातली नोकरी गेली, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशीही बोलणार नाही. नळापाशी बायका आवाज खाली आणतील. आपल्या जिन्याची एक पायरी निखळलीय, पाय जपून टाक. खालचे आजोबा हल्ली कुणालाच ओळखत नाहीत, त्यामुळे ते तुझ्याशी फार छान बोलतील. मग आमचं दार. पहिले काही दिवस मी तुझ्या वतीने सगळ्यांशी भांडेन, नंतर दमेन. आतलं लिहीत नाही, ते डोळ्यांनी बघ.

वेल्डरदादांना माझा नमस्कार सांग. त्यांनी फार चांगलं केलं.
वाट बघणारी ताई

२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल बैठकीत वाचलं आणि मंडळी माझ्याबरोबर निघालीच. सायकलवाल्याने मान फिरवली तर राजाने त्याच्याकडून मुद्दाम घोड्याला नाल मारून घेतली. शिंपीणबाईंपुढे राजा वाद घालणार होता, पण काकांनी अडवलं. न बोलणं हा तिचा हक्क आहे, म्हणाले, खाली मान घालून पुढे चला. पायरीसाठी चिठ्ठी काढली, आकडा वाईट निघाला, मी पडलो. दोघांनी बखोटीला धरून उठवलं.

तुझ्या दारापाशी वेल्डर म्हणाला की इथून पुढे फक्त तू. काकांनी अभ्र्यातून कागद काढून आणला, आचाऱ्याने पेन दिलं, आणि मी सही केली. आज सकाळी कागद कचेरीत पोचला.

सुटलेल्याला इथे भेटीला येऊ देत नाहीत, पत्रं मात्र येतात. दारामागे काय झालं, ते या तिघांना कळायला हवं. माझी दातखीळ त्यांनी पाहिलीय, म्हणून ताई लिहील, असा मी शब्द देऊन बसलोय.

पत्रातून लोभ पुष्कळ केलास, आता समोर बसवून करावा, ही विनंती.
बारक्या