बारा पेडी चाबूक

प्रिय डेल्मर,

खोकं उघडल्याबरोबर तू मला दोन शिव्या हासडल्या असशील, त्या पोचल्या असं समज. मागितला होतास चाबूक आणि निघाली नुसती दोरी. काळी नि बदामी नायलॉनची, बारा तुकडे, आतला धागा ओढून काढलेले, मापात कापलेले. मी काही विसरलेले नाही. एकसष्ट वर्षांची झाले तरी डोकं ठिकाणावर आहे. पत्र सुरुवातीपासून वाच. आधी शेवट बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझा फोन आला तेव्हा मी शाळेची सकाळची बस लावून नुकतीच घरी आले होते. ना कशी आहेस, ना गुडघा कसा आहे. "आयडे, जत्रेत डॅडींच्या नावाचं पहिलं बक्षीस मलाच देतायत! स्टेजवर हातात धरायला एक झकास चाबूक लागेल. बारा पेडी कर, आणि जरा हात चालव." शेजारणीकडून वाटीभर साखर मागावी तसं मागितलंस. मी हो म्हटलं. बेचाळीस वर्षं मी होच म्हणत आलेय. फोन ठेवला आणि ओसरीवर उकडलेल्या शेंगा सोलत बराच वेळ एकटीच हसत बसले.

ह्याच ओसरीवर डॅडींनी आपल्याला शिकवलं. दलदलीत गुरांमागे फिरून चामड्याचा चाबूक वर्षाच्या आत कुजायचा, म्हणून ते नायलॉनकडे वळले. आपल्या इथले सगळेच वळले. दर रविवारी चर्चहून आलं की डाव्या बाजूला तू, उजव्या बाजूला मी. तुझा पहिला आणि शेवटचा चाबूक आठवतो? चाबूक शेपटाकडे निमुळता व्हायचा तर एकेक पेड आत दडवत जायचं, आणि दोन पेड एकाच जागी कधी दडवायचे नाहीत. तू घाईघाईत दोन्ही एकदम दडवलेस. पहिल्याच फटक्याला तो मधोमध कोपरासारखा दुमडला. डॅडी म्हणाले, "चला, फाटक बांधायला झाली दोरी!" आणि खरंच त्यांनी त्याच चाबकाने फाटक बांधलं. त्यानंतर तू वेणीला हात लावला नाहीस. चाबूक वाजवायचास मात्र असा, की झुडपात दडलेली गाय अंगाला न लागता नुसत्या आवाजाने वळायची. ते मी आजही नाकारत नाही. अभिमानच वाटायचा मला तुझा.

मी एकोणीस वर्षांची असताना माझा पहिला धड चाबूक जत्रेतल्या स्पर्धेत ठेवायचा ठरला. तेव्हा बायकांचं टेबल म्हणजे पेरूची जेली आणि गोधड्या. दोरकामाचं टेबल पुरुषांचं. डॅडींनी चिठ्ठीवर तुझं नाव लिहिलं आणि मला म्हणाले, "एक वर्ष चालवून घे गं पोरी. पहिल्या नंबरची निळी रिबीन येणार तर आपल्याच घरात ना?" रिबीन आली, ती तुझ्या खोलीतल्या भिंतीवर लागली. दुसऱ्या वर्षी मला कोणी विचारलंही नाही. पुढे ते टेबल बायकांनाही खुलं झालं, पण तोवर तू 'टिलिसांचा डेल्मर, चाबूकवाला' झाला होतास. आठवड्याच्या आठवड्याला तुझी गाडी माझ्या दारात लागायची, मागच्या सीटवर ब्लँकेट टाकून चाबूक न्यायचास. लोकांना वाटायचं, भाऊ बहिणीची किती विचारपूस करतो!

मग मी करत का राहिले, असं तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. मला आवडतं म्हणून. बसच्या दोन फेऱ्यांमधले चार तास माझे असतात. वजनासाठी गाभ्यात शिशाचे छर्रे भरायचे, त्यावर आतली वेणी, त्यावर आणखी एक, मग सगळ्यात वरची बारा पेडांची. फळीखाली पायाने लाटून गुळगुळीत करायची, मेणात बुडवायची. बोटांना चिरा पडतात, त्या दिसतात म्हणून मी चर्चला जाताना हातमोजे घालते. तुझी बोटं बघ एकदा. चाबूकवाल्याची बोटं इतकी मऊ कशी, हे आजवर एकालाही कसं सुचलं नाही, कोण जाणे.

डॅडी गेले त्या दुपारी आपण दोघंच खाटेजवळ होतो. त्यांनी तुझं मनगट धरलं. "डेल्मर, आयडाचं नाव आयडाला देऊन टाक." तू ढसाढसा रडलास. "देतो डॅडी. ह्याच जत्रेत देतो." ते मान हलवून डोळे मिटून पडले, समाधानाने. त्यानंतर अकरा जत्रा झाल्या. मी एकदाही आठवण करून दिली नाही. तुझ्या तोंडून आपणहून येईल असं वाटायचं. इतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

आणि मग ऑक्टोबरमध्ये पेपरात तुझी मुलाखत. फोटोत तुझ्या मांडीवर माझे चार चाबूक. "बहिणीलाही मी शिकवून पाहिलं हो, पण बायकांच्या बोटांत तेवढा जोर नसतो. ती बिचारी दोरी कापून द्यायची." मी ते बसमध्येच वाचलं, सिग्नलला. मागून पोरं ओरडायला लागली, "मिस आयडा, हिरवा झाला, हिरवा!" तोवर मला तुझा नुसता राग यायचा. त्या दिवशी द्वेष वाटला. शब्द नीट तोलून लिहिलाय.

तर आता ऐक. जानेवारीत मी जत्रेच्या कमिटीवर गेले, हे तुला सांगितलं नव्हतं. पहिल्याच बैठकीत मी सुचवलं की डॅडींच्या नावाचं बक्षीस नुसत्या टाळ्यांवर देऊ नये. घेणाऱ्याने आधी स्टेजवर बसून वीतभर वेणी घालावी, बारा पेडांवरून दहावर आणावी, म्हणजे पोराबाळांनाही ही कला बघायला मिळेल. अध्यक्ष हार्लनने टेबलावर थाप मारली. "वा गं आयडा! डेल्मर तर हरखून जाईल!" मी म्हटलं, "जीव टाकेल बघा." पोस्टरं छापून झाली आहेत. खोक्यातली दोरी त्याच रिळाची आहे, स्टेजवर मिळेल ती. तुला आजारी पडता येईल. मग वेणी घालायला मला बसवतील; मलाही थोडंफार येतं म्हटल्यावर तसं हार्लनने आधीच विचारून ठेवलंय. किंवा तिथे येऊन माईक हातात घे आणि डॅडींना दिलेला शब्द पाळ. तिसरी वाट मी ठेवलेली नाही. पहिल्या रांगेत बसणार आहे मी, आणि तुझे पेड सुटले तर मदतीला उठणार नाही. हे सगळं न कळवता तुला सरळ स्टेजवर गाठता आलं असतं, मग पत्र कशासाठी, असं वाटेल तुला. पण ती फजिती अर्ध्या तासात संपली असती, आणि तू लोकांचा लाडका, ते आठवड्यात विसरले असते. खोकं मंगळवारी तुझ्या हातात पडेल अशा बेताने पाठवलंय, जत्रा शनिवारी. मला तुझे हे चार दिवस हवेत.

तुझीच,
आयडेला