सीनेकाठी सापडलेले वाळुंज

सोलापूर,
गुरुवार, ता. १३ सप्टेंबर १९३४

तीर्थस्वरूप मल्लप्पामामा यांच्या चरणी,

महादेवीचे वाकून शरणु शरणार्थी, मामींनाही सांगावे. तुमचा गुडघा आता कसा आहे? निरगुडीचा शेक सोडू नये. (हे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या भाचीचे मत नव्हे, आईचे आहे, म्हणून ऐकावे.) इकडे सर्व खुशाल, म्हणजे मी सोडून सर्व.

तुम्हांला ठाऊकच आहे, घरातली पहिली पदवीधर म्हणून अण्णांनी माझी पदवी चौकट करून भिंतीवर लावली, पण शाळेतली जागा अजून हंगामीच आहे. पुण्याच्या आमच्या प्रोफेसरांचे शिफारसपत्र आणले तर कायम करू, असे शाळा म्हणते. न आणले तर दसऱ्यानंतर अण्णा अक्कलकोटच्या तेलाच्या व्यापाऱ्यांना होकार कळवणार. (माणूस वाईट नसेल. पण पाहायला आले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, चष्मा लग्नातही घालणार का?) अशा काळजीत असताना श्रावणात सीना नदीच्या काठी मला एक झुडूप दिसले. अरुंद पाने, पालथी बाजू पांढुरकी, डहाळ्या लालसर, पाय पाण्यात. वाळुंज! आमच्या इकडच्या झाडांच्या यादीत त्याचे नावही नाही. मी आनंदाने गुडघाभर चिखलात उतरले (एक चप्पल तिथेच राहिली) आणि घरी येऊन 'वाळुंजाचे नैसर्गिक वसतिस्थान' असा सहा पानांचा लेख पुण्याच्या सरांना धाडला. त्यात लिहिले, याचे कापसासारखे बी वाऱ्यावर तरंगत घाटाकडून आले, कोरड्या हवेने झाड खुजे राहिले, शेंडा चपटा, आणि बुंध्याला कमरेशी एक खोल वलय, जे कोणत्याही पुस्तकात नाही. सर इतके खूश झाले की रविवारी सकाळच्या गाडीने ते पाहायला येत आहेत.

काल चप्पल शोधायला पुन्हा गेले, तर तिथे केराबाई धनगरीण कोकरे चारीत होत्या. मी त्यांना झाडाची महती सांगितली. त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अवं बाई, ह्यो तर आमचा खुंट की! वाघर बांधाया धन्यानं ठोकलेला. निघताना उपटाया गेलो तर पालवी फुटलेली. म्हनलं ऱ्हाऊ दे, लई जीव हाय त्याच्यात."

(वाघर म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी.) तेव्हा मामा, वलय दोरीचे, चपटा शेंडा दगडाच्या घावांचा, आणि वाऱ्यावर तरंगत आलेले बी हे त्यांचे मालक धुळा यांच्या घोड्यावर, कढई आणि कोंबड्यांच्या मधे बसून आले. जुना खुंट मोडला म्हणून कोकणाकडून परतताना वाटेत नवा तोडला होता म्हणे. कोणत्या नदीवर, असे मी विचारले.

"त्ये धन्यालाच ठावं. म्या तवा हरवलेली कोंबडी हुडकीत व्हते."

मी मुलींना फळ्यावर लिहून देते, 'पाहिले तेच लिहा.' मी पाहिले तेच लिहिले, हीच तर पंचाईत.

तुमची,
महादेवी

ता. क. पेरणीआधी तुमच्या रानात मेंढरे बसवली आहेत ना? ती या धुळा यांचीच, आणि केराबाईही उद्या तिकडेच येत आहेत. मेंढरे चार दिवस जास्त बसली तर ज्वारी जोमदार येते, असे शास्त्र सांगते. तरी दोघांनाही सोमवारपर्यंत सोडू नये. रविवारी ते सीनेवर सरांना भेटले तर माझे कल्याणच आहे. (हे वाचून चुलीत घालावे.)

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच केराबाई दारात. डोक्यावर ते झुडूप, मुळासकट! "मास्तरीणबाई, तुमचा येवढा जीव अडकलाय, मंग सारकं चिखलात कशाला जाता? घ्या, घरीच आनलं." सोबत चप्पलही होती. अण्णांनी ते झुडूप न्हाणीच्या पाण्यावर लावून टाकले, आणि ते तिथे सीनेपेक्षा खुशाल दिसते आहे. आता सरांना दाखवायला माझ्याजवळ एक खड्डा उरला. तेव्हा वरचा मजकूर रद्द समजावा. सरांना मी आत्ताच लिहून टाकले, झाड बरोबर, पत्ता चूक. धुळा यांना अडवू नका, शनिवारच्या पहिल्या गाडीने इकडे पाठवून द्या. खरी नदी त्यांनीच सरांना सांगावी. आणि ती कोंबडी नेमकी कुठे हरवली, तेवढे आठवून ठेवायला सांगा. वाळुंज तिथेच आहे.