वैनगंगेकाठचा इंग्रजी बंगला

वरोरा, ८ डिसेंबर १९९७

चामोर्शीकडून परतलो, पण तो बंगला डोळ्यांसमोरून हलत नाही. वैनगंगेच्या काठी कुण्या इंग्रज साहेबानं बांधलेला, आता बागेसकट विकायला काढलाय. आमचा धंदा जुन्या लाकडाचा. बंगला घेऊन तोडायचा, सागवान विकायचं, म्हणून अब्बा आणि मी गेलो. आत शिरलो आणि मान वरच राहिली. ते खांब! एकेक खांब म्हणजे अख्खं झाड. माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावेना.

"असं झाड जंगलात पाह्यलं काय तू?" अब्बांनी विचारलं.

"नाई."

मालकीणबाई बोलणी करायला आल्या. अब्बा म्हणाले, "बाई, हे आमच्यानं तुटत नाई. राहणाऱ्याले विका."

दुकानात सध्या काम नाही. मग मला एवढं हायसं का वाटलं?