व्याह्यांकडे मागितलेली पावती

मलकपेठ, ९ बहमन १३२६ फसली

व्याही श्रीनिवासराव यांस त्र्यंबक नरहर याचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. कमल परवा झटक्याच्या घोडागाडीतून सुखरूप पोचली. तिच्या आईचा ताप उतरला. विहीणबाईंनी पाठवलेला काढा मिळाला.

छावणीत गवताची गोष्ट निघते का? इकडे रोज निघते. बीदरकडे दरोडेखोरांमागे आमचा रियासतीचा रिसाला आणि छावणीची इंग्रजी पलटण एकत्र गेली, तेव्हा घोड्यांच्या गवताचा खर्च निम्मा निम्मा, असे मोठ्या साहेबांनी तोंडीच ठरवले. आता ठेकेदार दोन्ही कचेऱ्यांत ओरडत फिरतो, दमडी मिळाली नाही म्हणून. छावणी म्हणते, रियासतीचा हिस्सा आलाच नाही. आमची कचेरी म्हणते, त्र्यंबकने नेऊन दिला ना, मग पावती कुठे आहे?

आपण छावणीचे हिशेबनीस, म्हणून हिश्श्याची थैली मी आपल्याच हाती दिली. पावतीचा शब्द काढला तेव्हा आपण चारचौघांत म्हणालात, "हौ! मुलीचा बाप व्याह्याकडे पावती मागतो! उद्या हुंड्याचीही मागाल." सगळे हसले. मीही हसलो. मुलीच्या बापाने दुसरे काय करावे?

थैलीत रियासतीचे हाली रुपये होते. छावणीत इंग्रजी कलदारच जमा धरतात, म्हणून ती कुठे पडून राहिली असेल, असे मनाला समजावतो. मन ऐकत नाही. कमल सहज बोलून गेली, मामंजींनी नवी घोडी घेतली. माझा विचार पापी असेल तर देव मला बघून घेईल.

सोमवारी आमच्या कचेरीच्या सरिश्तेदारांपुढे उभे राहायचे आहे. पावती आणा, नाहीतर पैसे कोणाला दिले ते सांगा, असा हुकूम आहे. दोन्ही नसेल तर चोर मीच.

आता लिहितोच. कमलची आई शांता आजारी नव्हती. ताप आम्ही रचला. कमल आपल्या घरात असती तर हे पत्र माझ्याच्याने लिहवले नसते.

सही-शिक्क्याची पावती पाठवा. मी येऊन आपल्या पायांवर डोके ठेवीन. नाही आली तर आपले नाव सांगेन. मग तिला न्यायला कोणी येणार नाही, हे मला कळते. तिला कळलेले नाही. आई बरी झाली, आता परत कधी जायचे, विचारत होती. मी म्हटले, मंगळवारी.

जावई विठ्ठलरावांस आशीर्वाद. तो त्यांना सांगायचा की नाही, ते आपण ठरवा.

मुलीचा बाप,
त्र्यंबक नरहर