मन खंबीर असल्याबाबत

सोमवार, ६ जानेवारी १९९७
पुण्याचं दोन दिवसांचं शिबिर आटोपून काल परत आलो. विषय : गोळीबाराच्या प्रसंगाची मानसिक तयारी. चाळीस अधिकारी होते. अडतीस पेंगत होते, एकजण कानाला ट्रान्झिस्टर लावून स्कोअर ऐकत होता. नोट्स फक्त मी काढल्या. अकरा पानं.
सार असं : ऐन वेळी माणसाचा हात नाही, डोकं दगा देतं. म्हणून प्रसंग आधीच मनात घडवून पाहायचा. रोज. श्वास चार आकडे आत, चार आकडे बाहेर. काय ओरडायचं तेही ठरवून ठेवायचं.
नंतर होणाऱ्या त्रासावर दुसऱ्या दिवशी दुपारी लेक्चर होतं. ते सोडून मी एसटी पकडली. आधीची तयारी पक्की असेल त्याला नंतरचं काय करायचंय?
फौजदार होऊन सहा वर्षं झाली. माणसावर गोळी झाडायची वेळ अजून आलेली नाही. आता आली तरी हरकत नाही.

बुधवार, ८ जानेवारी. सकाळ
आरशासमोर सराव. "पोलीस! हत्यार खाली टाक!" आवाज पोटातून यायला हवा. ज्ञानेश्वरीने आतून येऊन विचारलं, अहो, दाढ दुखतेय का? पोलिसाची बायको झाली तरी सिव्हिलियन माणसाला यातलं काही कळत नाही.
श्वासाचा सराव पलंगावर केला. चारपर्यंत मोजलं. डोळे उघडले तेव्हा पावणेनऊ. म्हणजे मन शांत होतंय.

शनिवार, ११ जानेवारी
ठाण्यातल्या स्टाफला लेक्चर दिलं. बाराजण. आपलं ज्ञान आपल्यापाशी ठेवायचा माझा स्वभाव नाही.
शेवटी पंढरी हवालदारांनी हात वर केला. सारसोळ्याचा माणूस, सर्व्हिस अठ्ठावीस वर्षं, पेन्शनला आलेला. म्हणाले, साहेब, सगलं खरं, पन घाबरलो तं? मी सांगितलं, प्रशिक्षित मन घाबरत नाही. म्हणाले, मंग बरा हाय. सगळे हसले. का हसले कळलं नाही. विषयाचं गांभीर्य नाही लोकांना.

गुरुवार, १६ जानेवारी. संध्याकाळ
खबर पक्की. तुर्भ्याच्या सराफावर कोयत्याने वार करून पळालेल्या दोघांपैकी एकजण उद्या सकाळी जुईनगरला गॅरेजमागच्या गल्लीत येणार. मोठ्या साहेबांनी काम माझ्यावर सोपवलं. साध्या वेशात जायचं. जोडीला पंढरी आणि दोन शिपाई.
मी अगदी शांत आहे. नाडी मोजली, मिनिटाला ११२. तीन जिने चढून आलो होतो. अर्ध्या तासाने मोजली, ११८. घड्याळाचा सेकंद काटा बिघडलाय.

शुक्रवार, १७ जानेवारी. संध्याकाळी ७
कारवाई यशस्वी.
सकाळी ११.२०. मी आणि पंढरी हवालदार पुढे, शिपाई गल्लीच्या तोंडाशी. इसम एकटाच आला. पंढरींनी हटकताच त्याने पिशवीतून कोयता काढला. मी नियमाप्रमाणे दोनदा इशारा दिला. इसमाने हवालदारांवर वार केला. सहकाऱ्याच्या बचावासाठी रिव्हॉल्व्हरमधून दोन गोळ्या सुटल्या. एक लागली. दवाखान्यात नेण्यापूर्वी इसम मयत.
पंढरींच्या डाव्या हाताला चौदा टाके.
रिपोर्टात हेच लिहिलंय. इथेही हेच लिहितोय, कारण असंच झालं.
श्वास मोजायचे राहून गेले. वेळ नव्हता.

शनिवार, १८ जानेवारी
पेपरात चार ओळी आल्या. ठाण्यात पेढे. मला गोड चालत नाही, म्हणून घेतला नाही. (कधीपासून चालत नाही, असं ज्ञानेश्वरीने विचारलं. आजपासून.)
रिव्हॉल्व्हर तपासणीला गेलं. दुसरं मिळालं. त्याचं कव्हर नवं आहे, कडक. ते मऊ होईपर्यंत कपाटातच ठेवणं बरं.

सोमवार, २० जानेवारी
सावरण्यासाठी स्वतःला तीन दिवस दिले होते. आज तीन दिवस पूर्ण. सावरलो.
झोप दोन तास. पण खोल.

गुरुवार, २३ जानेवारी
पंढरी अजून दवाखान्यात, जखम चिघळलीय. मोठे साहेब म्हणाले, अरे जाऊन ये की, तुझ्यासोबत होता माणूस. जायला हवं. पण चौकशी मॅजिस्ट्रेटकडे आहे आणि पंढरींचा जबाब अजून व्हायचाय. अशा वेळी मी भेटलो तर साक्षीदारावर दबाव आणल्यासारखं दिसेल. कायदा मोठा, भावना लहान.
मोसंबी पाठवली. शिपायाबरोबर.

सोमवार, २७ जानेवारी
आजपासून घरात कुकर बंद. उघड्या पातेल्यात शिजवलेली डाळ जास्त पौष्टिक असते, असं कुठेतरी वाचलंय. ज्ञानेश्वरी म्हणाली, शिट्टी झाली की तुम्ही भिंतीला चिकटता, म्हणून ना? मी म्हणालो, मी भिंतीची ओल तपासत होतो. सिडकोचं बांधकाम आहे, तपासावं लागतं.
तिने कुकर माळ्यावर ठेवला. तिला स्टुलावर चढताना पाहिलं आणि एकदम वाटलं, तिला सांगून टाकावं. मग आठवलं की सांगण्यासारखं काही नाही.

गुरुवार, ३० जानेवारी
मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब झाला. उत्तम. फक्त एका ठिकाणी अडखळलो. विचारलं, इशारा देताना नेमके शब्द काय वापरलेत? मी म्हणालो, पोलीस, हत्यार खाली टाक. ते म्हणाले, मोठ्याने? मी म्हणालो, पोटातून.
लिहून घेणारा क्लार्क वर बघायला लागला.
जुईनगरवरून सरळ घरी आलो असतो, पण वाशीला वळसा घातला. फिरण्याने पचन सुधारतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
अंगझडतीत इसमाच्या खिशात दोनच वस्तू मिळाल्या होत्या. एक कंगवा आणि नेरुळच्या एका चष्म्याच्या दुकानाची पावती. चष्मा मंगळवारी मिळेल, असं तिच्यावर लिहिलेलं. पावतीचा नंबर कसा कोण जाणे पाठ झाला होता. तपास माझ्याकडे नाही. पण जाणकार अधिकारी सगळे धागे बघतो, म्हणून आज त्या दुकानात गेलो.
नंबर सांगितला. दुकानदाराने ड्रॉवर उघडला आणि डबी हातात दिली. म्हणाला, बरं झालं आलात, दोन आठवडे पडून आहे. त्यांना म्हणावं, आता चष्म्याशिवाय फिरू नका. मी विचारलं, का? तर म्हणाला, अहो, नंबर केवढा आहे! समोरून गाडी आली तरी ती जवळ येईपर्यंत दिसायची नाही त्यांना. जुना फुटला म्हणून घाईने करायला टाकला होता.
मी साध्या वेशात होतो. पंधरा फुटांवर. हात लांब करून उभा.
त्याला माझ्या हातात काय आहे ते दिसलं असेल का?
डबी परत दिली. माणूस येणार नाही, म्हणालो. गावी गेला का, असं त्याने विचारलं. हो म्हणालो.
हा मुद्दा तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही. कोयता तर त्याने काढलाच होता. पंढरींचा हात खोटा नाही.
आज जेवलो नाही. उपास. मंगळवार आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी
गोळीबाराचा सराव होता. गेलो नाही. डोळे आल्यासारखे वाटले.
पंढरी घरी गेले. त्यांचा जबाबही झाला. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मोठे साहेब आपणहून म्हणाले, छान सांगितलं त्याने, तू ओरडलास, मग गोळी झाडलीस, तुझ्यामुळे वाचला म्हणाला.
म्हणजे मी ओरडलो होतो. बरं झालं. मलाही आठवतंच आहे.
आता दबावाचा प्रश्न नाही. उद्या सारसोळ्याला जातो. उद्या नाही, परवा. परवा अमावस्या नसली म्हणजे मिळवली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
वरून पत्र आलं. नवीन भरती झालेल्या पोरांना गुरुवारी माझं लेक्चर. "गोळीबाराचा प्रत्यक्ष अनुभव आणि मनाची तयारी." अखेर कोणीतरी दखल घेतली. शिबिराच्या नोट्स बाहेर काढल्या. त्यात आता बारावं पान माझ्या अनुभवाचं.
बारावं पान लिहायला बसलो. "प्रसंगी मी" इतकं झालंय. उरलेलं उद्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी
"प्रसंगी मी पूर्णपणे"
ज्ञानेश्वरीने वाचलं. पुढे काय, म्हणाली. मी चिडलो. माझी फाईल का उघडलीस म्हणालो. बराच ओरडलो. पोटातून आवाज आला, सराव वाया गेला नाही. फाईल मिटून ती म्हणाली, अहो, मला तुमची भीती वाटत नाही, पण तुमच्यासाठी वाटते. एवढं बोलून भांडी घासायला गेली.
तिने ताट ठेवलं ते अगदी हळू. आवाज होऊ नये म्हणून. महिनाभर घरात सगळं हळू ठेवलं जातंय, हे आज लक्षात आलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
लेक्चर झालं. पहिली वीस मिनिटं अप्रतिम.
मग प्रात्यक्षिक. पुढच्या रांगेतल्या एका मुलाला लाकडी पट्टी दिली. म्हटलं, हा कोयता समज आणि माझ्या अंगावर ये. हसत हसत आला. पट्टी वर केली.
मी व्यासपीठावरून मागे पडलो. दोन्ही हात तोंडावर. मुलं सांगतात की मी "नको नको" म्हणत होतो. मुलं काहीही सांगतात.
पट्टीवाला घाबरून रडायला लागला. त्याला पाणी द्यायचं कुणी, मला उचलायचं कुणी, यात सगळ्यांचा गोंधळ. मोठ्या साहेबांनी मला गाडीत बसवलं. दार लावून घेतलं, हळू.
व्यासपीठाची कड खराब होती. लेखी तक्रार देणार आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी. दुपार
तक्रार दिली नाही. सारसोळ्याला गेलो.
पंढरींची बायको, शेवंताबाई, ओट्यावर सुक्या मासळीतला जवळा निवडत बसली होती. मला बघून उठली, पदर नीट केला, आत हाक मारली. मला वाटलं, दारातच चार गोष्टी ऐकवेल. इतके दिवस साहेब फिरकला नाही. तिने नुसतं पाणी आणलं.
पंढरी बाहेर आले. डावा हात गळ्यात बांधलेला. वजन उतरलंय. म्हणाले, साहेब, तुमी आलाव, बसा.
मी बसलो. ट्रॅफिक, चौकशी, कायदा, ही सगळी कारणं तयार ठेवली होती. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. म्हणालो, हवालदार, त्याने कोयता काढला तेव्हा मी नुसता उभा होतो. हात वर होता पण बोट हलेना. तुम्हाला वार बसला तो मी उभा होतो म्हणून. मग डोळे मिटून झाडल्या. ओरडलो की नाही, देव जाणे. तुम्ही जबाबात माझ्यासाठी खोटं बोललात.
सगळं एका दमात. शेवंताबाईचा हात जवळ्यात तसाच राहिला.
पंढरींनी गळ्यातला हात सावरला. मग म्हणाले, खोटा कसा बोलू साहेब? कोनतरी वराडलं ता आयकलं. तुमी का मी, ता नाय म्हाईत. मी पन डोलं मिटलं व्हतं.
मी चष्म्याचंही सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान खाली घातली.
शेवंताबाई म्हणाली, साहेब, यांना झोप नाय. रातचं उठून पोरांच्या अंथरुनाशी जाऊन बसतान. पंढरी तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, डोक्याचे डाक्टरकडं जाताव मी, दर मंगलवारी. ठान्यान कोनाला सांगू नका. याल का तुमीपन?
मी म्हणालो, मी कशाला? मी ठीक आहे. पण तुम्हाला हाताचा त्रास, रिक्षात चढउतार करताना कोणी सोबत हवं. एक अधिकारी म्हणून माझी जबाबदारी आहे. मी येईन, सोबत म्हणून.
पंढरी म्हणाले, या, सोबत म्हनून या.
तिथे मी रडलो, असं शेवंताबाई सांगत असेल तर तो सुक्या जवळ्याचा वास होता.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
दवाखाना, ओपीडी, सकाळी ९.४०. बाकावर पंढरी आणि मी. लांब रांग. पंढरींना धीर दिला. घाबरायचं नाही, डॉक्टर विचारतील ते सरळ सांगायचं, यात कमीपणा काही नाही. बराच वेळ समजावत होतो. ते मान हलवत होते. माझा गुडघा उडत होता, त्यावर त्यांनी चांगला हात ठेवला. ठेवू दिला. त्यांना आधार वाटला असेल.
खिडकीतल्या सिस्टरने आम्हाला बोलावलं. विचारलं, दोघांपैकी पेशंट कोण?
मी पंढरींकडे बोट केलं.
पंढरींनी माझ्याकडे.
सिस्टरने दोघांकडे एकदा पाहिलं आणि दोन केसपेपर काढले.