नावाड्याच्या कादंबरीचा दुसरा भाग

ढाणकी, ता. उमरखेड
पोळ्याच्या आधीचा रविवार

आदरणीय अश्वजितराव जावईबापू यांना सासूबाई सत्यशीलाचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत बरी असेल, पुण्याची हवा मानवत असेल आणि पायल वेळेवर जेवायला देत असेल, असं धरून चालते. (नसेल देत तर मला कळवा, पण कळवलं हे तिला कळू देऊ नका.) इकडे सगळं छान आहे. सोयाबीन हिरवंगार आहे, कपाशीला पात्या धरल्या आहेत, आणि पायलच्या बाबांचा गुडघा शेतात जायचं म्हटलं की दुखतो, लग्नाला जायचं म्हटलं की राहतो. फोन सोडून पत्र कायले, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत आहे, आणि काही गोष्टी सासूने जावयाला एकट्यालाच सांगायच्या असतात. घाबरू नका, तक्रार मुळीच नाही.

उलट कौतुकच करायचं आहे. एप्रिलमध्ये जयंतीला आलात तेव्हा मिरवणूक सोडून तुम्ही माझ्या शाळेच्या ग्रंथालयात लॅपटॉप मांडून बसलात आणि आमच्यासाठी खास सॉफ्टवेअर बनवून दिलंत, तेही फुकट. अख्ख्या ढाणकीत मी सांगत फिरले. कुणाचे जावई सासऱ्याकडे गाडी मागतात, माझ्या जावयाने सासूला सॉफ्टवेअर दिलं! मुख्याध्यापक पूनमसिंग राठोड सरांनी तर कॉम्प्युटरला हार घातला. (त्यातली फुलं कीबोर्डात गेली, तेव्हापासून 'क' दाबावा लागतो तो अंगठ्याने. पण त्यात तुमचा काय दोष?)

सॉफ्टवेअर फार हुशार आहे. थोडं जास्तच हुशार आहे, एवढंच. त्याला एका पुस्तकापुढे एकाच पोराचं नाव लागतं, आणि सात दिवस उलटले की ते त्या पोराला दुसरं पुस्तक देऊ देत नाही. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत नसणार, कारण तुम्ही शहरात शिकलात. माझ्या ग्रंथालयातून पुस्तक पोराच्या हाती जातं, पण ते त्याचं नसतं, त्याच्या घराचं असतं. पोराचं झालं की ताई वाचते, ताईचं झालं की आई, मग शेजारची सून, आणि ती माहेरी गेली तर पुस्तकही माहेरी जाऊन येतं. ते फिरत फिरत मला परत येतं, कधी हळदीचा डाग घेऊन, कधी कुणाच्या बसचं तिकीट पानात घेऊन. इतकी वर्षं मी गल्लीवरून ओळखत आले की कुठलं पुस्तक कुठे असेल. सॉफ्टवेअरला गल्लीच नाही. जुलै संपेपर्यंत त्याने माझी सगळी पोरं बंद करून टाकली. दारात रांग, कपाटात पुस्तकं, आणि मध्ये मी, हात बांधून बसलेली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही त्यात पालकांना मेसेज जायचीही सोय केली आहे. मजकूर सुंदर आहे, मराठी शुद्ध आहे: 'आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. तात्काळ जमा करावे, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल.' पुण्यात असा मेसेज आला की माणूस तो पुसून टाकत असेल. आमच्याकडे कारवाई म्हटलं की माणूस आधी सरपंचाकडे जातो आणि मग पायताण शोधतो. सगळ्यांना मेसेज गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत फाटकाशी गर्दी. कुणी पुस्तकाला नवा कागद चढवून आणलेला, कुणी पिशवीत गुंडाळून. एका आजोबांनी पुस्तकासोबत दुधी भोपळा दिला आणि कारवाई जरा हलकी करा म्हणाले. काही लोकांनी तर भीतीपोटी आमची नसलेली पुस्तकंही जमा केली, त्यात एक ट्रॅक्टरसोबत मिळालेलं आहे आणि एक उमरखेडच्या कुठल्याशा शाळेचं. (भोपळा आम्ही खाल्ला. खोटं कशाला बोलू?)

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला आनंदच झाला. माझी सगळी पुस्तकं एकाच वेळी घरी आलेली मी कधी पाहिली नव्हती. राठोड सरांनी भरलेल्या कपाटांपुढे माझा फोटो काढला. पुस्तकं आली तरी पोरांवरची बंदी मात्र उठेना, तिचं बटण मला ठाऊक नव्हतं. पण आठवड्याने संस्थेचे सचिव बाबारावजी तपासणीला आले. त्यांना ग्रंथालयाची खोली सभेसाठी हवी आहे, हे मला कधीपासून ठाऊक होतं. तिथे एसी बसवायचा, गोल टेबल मांडायचं, आणि पुस्तकं लोखंडी कपाटांत कुलूप लावून व्हरांड्यात उभी करायची. आजवर त्यांना निमित्त मिळत नव्हतं. राठोड सरांनी मोठ्या अभिमानाने त्यांना तुमचं सॉफ्टवेअर दाखवलं, आणि पडद्यावर आलं: या महिन्यात दिलेली पुस्तकं, शून्य. वाचक, शून्य. हा शून्य तुम्ही हिरव्या रंगात काय सुरेख काढला आहे! बाबारावजींनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "बाई, इथं तं कोनी वाचतच नाही. खोली कायले अडवता?"

कॉम्प्युटर कसा खोटं बोलेल, आणि तोही माझ्या जावयाचा? डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून मी उगाच खिडकी लावायला गेले, तर बाहेर गुलाम नबी उभे. बसस्टँडजवळ त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची अलफिया नववीत आहे आणि संध्याकाळी दुकानात बसून मोठ्याने पुस्तक वाचते. ते स्पार्क प्लग घासता घासता ऐकतात, आणि गाडी दुरुस्त झाली तरी गिऱ्हाईक उठत नाही. ते अलफियाला घेऊन आत आले आणि सचिवांकडे न बघताच म्हणाले, "म्याडम, बुक मी मेसेज आल्याबराबर वापस केलं. पन ते पुरं नाही झालं ना! नावाडी बीच पान्यात हाय अन् ती बाई पेटी उघडून राह्यली. दुकानातले लोक मले इचारून राह्यले, पुढं काय?"

ते पुस्तक म्हणजे आमची नावाड्याची कादंबरी. तिचं कव्हर आणि पहिली पानं माझ्या आधीच गेलेली, त्यामुळे खरं नाव कुणालाच माहीत नाही. (सॉफ्टवेअरने नाव मागितलं तेव्हा मी 'नाही' असं लिहिलं. त्याने ते मुकाट्याने घेतलं.) बाबारावजींनी सहज विचारलं, "कोनती पेटी?" झालं. गुलाम नबींनी खुर्ची ओढली आणि महापुराच्या पैनगंगेपासून सुरुवात केली. वल्हं कसं मारायचं ते माझ्या फूटपट्टीने दाखवलं. कुलूपबंद पेटी घेऊन चढलेली बाई, तिच्या मागावर निघालेले दीर, भोवऱ्यात सापडलेली नाव, सगळं हातवारे करून सांगितलं आणि नेमके थांबले.

"मंग?" बाबारावजी.

"मंग काय साहेब? मंग मेसेज आला."

मी कपाटातून पुस्तक काढून अलफियाच्या हातात दिलं. सॉफ्टवेअर नको म्हणत असताना दिलं, माफ करा. तिने उरलेली पानं वाचून दाखवली. बाबारावजींचा चहा निवून गेला, राठोड सर तास विसरले, आणि वाचून झालं तेव्हा पेटीचं कुलूप नुकतं निघालं होतं आणि पहिला भाग संपला होता. मग बाबारावजी उठले आणि म्हणाले, "दुसरा भाग आना बाई. खोलीचं त्याच्यानंतर पाहू."

म्हणून म्हटलं, तक्रार काहीच नाही. पायलने फोनवर बटण सांगितलं, सगळ्यांची बंदी उठली, आणि आता पुन्हा पुस्तकं गल्लोगल्ली निघाली आहेत. तुम्ही केलंत ते चांगल्याच मनाने केलंत, आणि त्याच्यामुळेच सचिवांनी आयुष्यात पहिल्यांदा कादंबरी ऐकली. मी मनापासून खूश आहे. तुमच्या आईबाबांना जयभीम सांगा, पायलला आशीर्वाद.

तुमची,
सत्यशीला

ता. क. वेळ मिळाला तर सॉफ्टवेअरमध्ये पोराच्या नावाऐवजी 'घर' लिहायची जागा करा. आणि 'कारवाई' काढून 'वाचून झालं की द्या' असं घाला.

ता. क. २: जावयाला दिलेलं परत मागायची आपल्यात रीत नाही, म्हणून इतकं लांबण लावलं. एप्रिलमध्ये ट्रॅव्हल्समध्ये वाचायला म्हणून मी तुमच्या शिदोरीच्या पिशवीत एक बिनकव्हरचं पुस्तक ठेवलं होतं. तोच दुसरा भाग. तुमचंही नाव मी सभासदांत घातलं आहे, तेव्हा मेसेज आला असेल. तो मी नाही पाठवला, तुमच्याच सॉफ्टवेअरने पाठवला. पोळ्याला या, आणि येताना तेवढं पुस्तक घेऊन या.

ता. क. ३: पाकीट चिकटवणार तोच पायलचा फोन आला. पुस्तक तुम्ही शेजारच्या काकूंना दिलं, त्यांनी त्यांच्या बहिणीला दिलं, आणि बहीण साताऱ्याला असते म्हणे. शाब्बास! आता तुम्ही खरे आमच्या घरचे झालात. त्यांना मुळीच घाई करू नका, सगळ्यांचं वाचून होऊ द्या. जोवर पेटी बंद, तोवर खोली आमची. तुम्ही मात्र मोकळ्या हाताने पोळ्याला या, आणि त्या पेटीत काय निघालं ते कुणाला सांगू नका. मलाही नाही. हा भाग कधी कपाटात राहिलाच नाही, त्यामुळे मीसुद्धा तो अजून वाचलेला नाही.